ओरिजिनल काजवे आणि पांढरे राक्षस

मंडळी, आजचा विषय जरा तेलकट आहे. गेले चार वीकांत माझ्या नखांत ग्रीस आहे आणि सोमवारी ऑफिसात कीबोर्डवर काळे ठसे उमटतायत. टीममधल्या एका पोरीने विचारलंच, "सर, गॅरेज काढलंत का?" नाही बाई. कुरुंदवाडला आमच्या अण्णांची (म्हणजे माझ्या थोरल्या काकांची) १९७१ सालची फियाट आहे, तिचे दिवे दुरुस्त करतोय. आणि हे करताना इतक्या लोकांशी इतके वाद घातले, की म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू. म्हणजे पुढच्या वेळी कुणी अंगावर आलं की हेच वाचायला देता येईल.

आधीच सांगतो, मला भांडायचंय. जुन्या गाडीचे दिवे "ओरिजिनल आहेत हो" म्हणून मिणमिणते ठेवणारा शौकीन, आणि त्याच गाडीत बाजारातले पांढरे एलईडी कोंबून समोरच्याला आंधळं करणारा हौशी, हे दोघं एकाच माळेचे मणी आहेत. एकाला रस्ता दिसत नाही, दुसऱ्यामुळे बाकीच्यांना दिसत नाही. मी दोन्ही होऊन बसलोय, त्यामुळे हे अधिकारवाणीने सांगू शकतो!

तर झालं असं. जानेवारी महिना, उसाचा हंगाम ऐन भरात. मी पुण्याहून बसने जयसिंगपूरला उतरलो तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. अण्णा न्यायला आले होते. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त मास्तर, मफलर, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात. "रिक्षानं आलो असतो की अण्णा," म्हटलं, तर म्हणाले, "मग गाडी कशाला ठेवलीय? पूजा करायला?" शिरोळ मागे पडलं, नृसिंहवाडीचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये काळोख, आणि आमच्या पुढे फियाटच्या दिव्यांचा तो ओळखीचा पिवळा सडा... खरं सांगायचं तर समईपेक्षा थोडा जास्त.

समोरून एक गाडी आली. नवी होती की जुनी, कळायला मार्ग नाही, कारण दिसत होते फक्त दोन पांढरेफटक गोळे. अण्णांनी अप्पर-डिपर मारून बघितलं, समोरच्याला आमचा दिवा दिसला तरी असेल की नाही शंकाच आहे. अण्णांनी डोळ्यांवर हात धरला. ती गाडी गेली, आणि त्यानंतरच्या त्या दोन-तीन सेकंदांत, जेव्हा नजरेसमोर नुसते हिरवे-जांभळे डाग नाचत असतात, मला काचेपुढे उसाचे शेंडे दिसले. शेंडे म्हणजे काचेवर टेकायचे बाकी होते!

उसाने भरलेली ट्रॉली. दोन ट्रॉल्यांपैकी मागच्या ट्रॉलीचा टायर बसलेला. ट्रॅक्टर, दोन्ही ट्रॉल्या आणि त्यावरचा कित्येक टन ऊस रस्त्याच्या डाव्या अंगाला उभा. मागे दिवा नाही, रेडियम नाही, फक्त चार दगड आणि उसाची एक मोळी. अण्णांनी ब्रेक दाबला, गाडी तिरकी झाली, दगड उडाले आणि आम्ही थांबलो. मी उतरून बघितलं. बॉनेट उसाच्या खाली शिरलं होतं. आणखी एक हात गेलो असतो तर मी हे लिहीत नसतो आणि तुम्ही रविवारी काहीतरी बरं वाचत असतात.

कुणाला काही झालं नाही. अण्णा घरी आल्यावर चहा घेताना बशी हलत होती. काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चुलतभाऊ म्हणाला, "बस झालं. गाडी विकूया." अण्णा उठून आत गेले. त्या गाडीतून आमची आत्या सासरी गेली, मी जन्मलो तेव्हा आईला मिरजेच्या हॉस्पिटलात नेली ती याच गाडीतून. पण हा इमोशनल मुद्दा बाजूला ठेवा. खरा मुद्दा असा, की कुरुंदवाडसारख्या गावात चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्वतःच्या हाताने गाडी काढून वाडीला पालखीला जाणं, मित्राला दवाखान्यात नेणं, पुतण्याला आणायला येणं, म्हणजे माणूस अजून कुणावर अवलंबून नाही. गाडी गेली की ते गेलं. म्हणून मी म्हटलं, "मला चार वीकांत द्या. दिवे नीट नाही झाले तर मीच गिऱ्हाईक आणतो."

आता माझी पहिली चूक. आपण सॉफ्टवेअरवाले, आपल्याला वाटतं जुनी सिस्टीम हळू चालते म्हणजे हार्डवेअर नवीन टाका. मी पुण्यातून एलईडी बल्बांची जोडी घेतली. खोक्यावर लुमेनचा असा आकडा, की तेवढ्यात कुरुंदवाडच्या घाटावर क्रिकेटची मॅच व्हावी. शनिवारी संध्याकाळी बसवले. होल्डरमध्ये बसले, पेटले, सगळी गल्ली पांढरी झाली. शेजारची पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी खूश. अण्णांना शेजारी बसवून तेरवाडच्या बाजूला निघालो.

एक किलोमीटर गेलो असेन. समोरून एक माणूस सायकलवरून येत होता. त्याने एक हात तोंडासमोर धरला, सायकल डुगडुगली आणि तो सरळ रस्त्याखाली उसात गेला. मी गाडी थांबवून पळत गेलो. गुडघा फुटला होता, बाकी ठीक. मी "सॉरी सॉरी" करतोय आणि तो शांतपणे सायकलचं हँडल सरळ करत म्हणाला, "तुमास्नी दिसतंय न्हवं? मग झालं तर."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आठ दिवसांपूर्वी ज्या पांढऱ्या गोळ्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, तो गोळा आता मीच होतो. त्याच रात्री बल्ब काढले.

असं का होतं, ते समजून घ्या, कारण "माझे एलईडी चांगल्या कंपनीचे आहेत" हे उत्तर मला चार जणांनी दिलंय. हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नाही. बल्ब, त्यामागचा वाटीसारखा रिफ्लेक्टर आणि पुढची रेघारेघांची काच, हे तिन्ही मिळून एक यंत्र आहे. बल्बमधली तार रिफ्लेक्टरच्या नेमक्या केंद्राशी असेल तर झोत जिथे जायला हवा तिथे जातो. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की प्रकाश वर, बाजूला, झाडात, समोरच्याच्या डोळ्यांत. जुन्या दोन तारांच्या बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटीशी पत्र्याची वाटी असते. खालच्या बाजूला जाणारा प्रकाश ती अडवते, कारण तोच रिफ्लेक्टरवर आपटून वर गेला असता. १९२५ साली ओस्रामने 'बिलक्स' नावाचा दोन तारांचा बल्ब आणला, तेव्हापासून डिपर या कल्पनेमागे हेच डोकं आहे. स्वस्त एलईडीमध्ये तारेच्या जागी पट्टीच्या दोन्ही अंगांना चिपा चिकटवलेल्या असतात. त्या तारेच्या आकाराच्या नाहीत आणि बऱ्याचदा तारेच्या जागीही नाहीत. म्हणजे प्रकाश भरपूर, पण शिस्त शून्य. गाडीपुढची दहा फूट जमीन लख्ख उजळते, म्हणून चालवणाऱ्याला वाटतं वा! उलट जवळचं जितकं लख्ख, तितकी डोळ्याची बाहुली लहान होते आणि लांबचं कमी दिसतं.

आपल्याकडे एके काळी हेडलाइटच्या काचेच्या वरच्या भागाला काळा रंग किंवा काळा ठिपका लावायचे, आठवतंय? अण्णांच्या गाडीला अजून त्याचा डाग आहे. उपाय गावठी होता, पण हेतू सभ्य होता: समोरून येणाऱ्याला डोळे आहेत हे मान्य केलेलं होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत, त्यातही झोत खाली झुकवता आला पाहिजे आणि समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत असं लिहिलंय. नियम आहे, पांढरे राक्षसही आहेत, दोघं सुखाने नांदतायत.

आता दुसरा पक्ष. जुन्या गाड्यांचे शौकीन. यांच्यातला एक माझा चांगला मित्र आहे, होता म्हणायची वेळ येऊ नये अशी आशा. मी वायरिंगला हात लावणार म्हटल्यावर तो कळवळला. "अरे, पन्नास वर्षं झाली तिला! ओरिजिनल ठेव. विंटेजचं रजिस्ट्रेशन मिळेल." मग मी तो नियम वाचला (ही आपली सवय, आधी स्पेसिफिकेशन वाचायचं). जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांपेक्षा जास्त झालेली, मूळ रूपात ठेवलेली, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी गाडी विंटेज. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' अक्षरं. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

म्हणजे बघा. पहिली गोष्ट, त्या यादीत चॅसी आहे, बॉडी आहे, इंजिन आहे. हेडलाइटमागचा रिले नाही. दुसरी गोष्ट, अण्णांना ती गाडी वाडीला न्यायचीय, म्हणजे त्यांना तो व्हीए नंबर नकोच आहे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, लोक रस्त्यात थांबून नमस्कार करतात. तिने तसंच राहावं, मीही हात जोडीन. पण जी गाडी रात्री साडेआठला शिरोळच्या रस्त्यावर आहे, ती प्रदर्शनातली वस्तू नाही. तिच्या आत माणूस आहे आणि तिच्यापुढे सायकलवाला आहे.

आणि 'ओरिजिनल' म्हणजे तरी काय? सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडच्या गॅसचे दिवे होते. ते पेटवायला खाली उतरून काडी ओढावी लागायची. १९१२ साली कॅडिलॅकने विजेचे दिवे आणि स्टार्टर दिला तेव्हा कुणी "ओरिजिनल ज्योत गेली हो" म्हणून रडलं असेल तर ते इतिहासाने लक्षात ठेवलेलं नाही. बरं, आमच्या फियाटमधलं जे मिणमिणणं होतं ते ओरिजिनल तरी होतं का? इथेच खरी गंमत आहे.

चौथ्या दिवशी मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. मल्टिमीटर घेतला. इंजिन चालू, रेस वाढवलेली, दिवे चालू. बॅटरीवर १३.२ व्होल्ट. बल्बच्या होल्डरवर? १०.८! मधले २.४ व्होल्ट कुठे गेले? जुन्या वायरीत, गंजलेल्या जोडांत, पन्नास वर्षं घासलेल्या स्विचमध्ये आणि कुजलेल्या अर्थिंगमध्ये. तारेच्या बल्बचा स्वभाव असा, की व्होल्टेज थोडं पडलं तर प्रकाश खूप पडतो, साधारण व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने. १०.८ भागिले १३.२, त्याचा घात काढा... उत्तर जवळपास निम्मं येतं. म्हणजे १९७१ साली ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जेवढा उजेड पाडत होती, त्याच्या निम्माच आज पडत होता. शौकीन मित्रा, तू ज्याला ओरिजिनल म्हणून कवटाळतोयस, तो गंज आहे.

आणि हा गंज कुठून आला तेही सांगतो. ऑगस्ट २०१९. कुरुंदवाडच्या माणसाला एवढं म्हटलं की पुरतं. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही गावात. घरातली माणसं आधी बाहेर पडली, गाडी पडवीत राहिली आणि पाणी बॉनेटवर आलं. नंतर इंजिन खोललं, सीटा नव्या केल्या, रंग मारला. वायरिंगला काय केलं? उन्हात वाळवलं. "गाडी सुरू झाली न्हवं? मग झालं." दोन वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा पूर. पाणी आलं तसं गेलं, पण तांब्याच्या तारांत हिरवं काहीतरी ठेवून गेलं आणि दिव्यांमागच्या रिफ्लेक्टरची चांदी काळवंडून गेली. आमच्या भागातल्या कित्येक गाड्यांत, जुन्याच नव्हे, ते हिरवं अजून बसलेलं असेल.

मग काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण मला दहा जणांनी विचारलंय.

एक, अर्थिंग. दोन्ही दिव्यांची आणि बॅटरीची अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने घासून, नवे लग, नवे नटबोल्ट. खर्च दोनशेच्या आत. एवढ्यानेच होल्डरवर जवळपास एक व्होल्ट परत आला.

दोन, रिले. पूर्वी दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून यायचा. ४५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे साडेसात अँपियर, आणि एवढा करंट पन्नास वर्षांच्या स्विचमधून. आता स्विच फक्त रिलेला हाक मारतो, आणि रिले बॅटरीकडून थेट जाड वायरीने (अडीच स्क्वेअर मिलिमीटर) दिव्याला करंट देतो. अप्परला एक, डिपरला एक, दोन्हींना वेगळा फ्यूज. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात, जगभर तेच, त्यामुळे चुकायला फारसा वाव नाही. मी तरी एकदा चुकलो. अण्णा म्हणाले, "इंजिनीअर ना रे तू?" काकू हसल्या, बऱ्याच दिवसांनी.

तीन, रिफ्लेक्टर. इथे मी दुसरी चूक केली. काळवंडलेले रिफ्लेक्टर घेऊन कोल्हापूरला गेलो आणि प्लेटिंगवाल्याला सांगितलं, क्रोम करून द्या. चकाचक झाले, आरशासारखे. पण क्रोम दिसायला झगमगीत, प्रकाश परतवायला मात्र कंजूस, पडलेल्या प्रकाशाचा साधारण दोन तृतीयांशच परत देतो. चांदी नव्वद टक्क्यांच्या वर देते, ॲल्युमिनियमही तिच्या जवळपास. म्हणून बंपरला क्रोम आणि रिफ्लेक्टरला चांदी, ही जुन्या लोकांची विभागणी हौस म्हणून नव्हती. शेवटी मी सात इंची गोल, हॅलोजन एच-४ बल्बचे पूर्ण नवे दिवेच घेतले, काच-रिफ्लेक्टरसकट. जुने दोन्ही कापडात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत. उद्या कुणाला ओरिजिनल हवंच असेल तर अर्ध्या तासात परत बसतील. बॉडीला एकही नवं भोक पाडलेलं नाही. ज्याला अनडू आहे असा बदल करायला घाबरायचं कशाला?

(नवे दिवे घेताना एक बघा. परदेशातून स्वस्तात मागवले तर ते उजवीकडून गाड्या चालणाऱ्या देशांचे असू शकतात. डिपरचा झोत एका बाजूला थोडा वर चढतो, कडेची माणसं दिसावीत म्हणून. आपल्याकडे तो डावीकडे चढला पाहिजे. त्यांचा उजवीकडे चढतो, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत.)

चार, बल्ब. ६०/५५ वॉटचा साधा एच-४, अप्परला साधारण १६५० लुमेन, डिपरला १०००. शंभर वॉटचा "रॅली" बल्ब नको. आमच्या गाडीत अल्टरनेटर नाही, डायनामो आहे, तो कमी रेसवर हात वर करतो. साध्या एच-४ ने अप्परला अडीच अँपियर बोजा वाढला, तेवढा त्याला झेपतो. त्यातलाही एक अँपियर मी मागून परत मिळवला, कसा ते पुढे.

पाच, एलईडी! हो, एलईडी. मी एलईडीचा शत्रू नाही, चुकीच्या जागच्या एलईडीचा आहे. मागच्या लाल दिव्यांत, लाल काचेमागे, लाल एलईडी बसवले. तिथे झोत लांब फेकायचा नसतो, नुसतं दिसायचं असतं. तारेचा बल्ब पूर्ण पेटायला साधारण ०.२ सेकंद घेतो, एलईडी तत्काळ. ताशी ६० च्या वेगात ०.२ सेकंद म्हणजे तीन मीटरपेक्षा जास्त, म्हणजे जवळजवळ अख्खी फियाट. मागून येणाऱ्याला तेवढं अंतर फुकट मिळालं. मागच्या काचेत आतून तिसरा ब्रेकलाइटही लावलाय. मित्राला तो बघून वेदना झाल्या. होऊ देत.

सहा, आणि हे फुकट आहे: झोत लावून घेणं. टायरमध्ये हवा नीट भरून, चालकाच्या जागेवर माणूस बसवून, सपाट जागेवर भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करायची. दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर काढायची. डिपरची वरची कडा त्या रेषेच्या साधारण तीन इंच खाली पडली पाहिजे. मास्तरांच्या घरात खडूला तोटा नाही. अण्णांनी भिंतीवर रेघ मारली तेव्हा इतकी सरळ होती, की मी मापपट्टी परत खिशात घातली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं केलंत, मग प्रश्न मिटला? नाही मिटला. कारण गणित करा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. माणसाला दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर गेले. मग जुने ड्रम ब्रेक, गाडी थांबायला आणखी २८ मीटर. एकूण ५३. बिनदिव्याची काळीकुट्ट ट्रॉली चांगल्या डिपरमध्येही इतक्या लांबून दिसेल याची खात्री मी देणार नाही. ताशी ४० ला हेच अंतर २९ मीटर होतं. म्हणून नव्या दिव्यांसोबत आमच्या घरात नवा नियम झालाय: अंधारात चाळीस. मागचा हॉर्न वाजवू दे. दिवे सुधारले म्हणून वेग वाढवला तर दिवे सुधारून उपयोग काय?

आणि म्हणूनच माझं तिसरं भांडण ट्रॉलीशी आहे. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारचाच आकडा. संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ अपघातांना सगळ्यात वाईट, हेही सरकारच्याच अहवालात असतं. आमच्याकडे हंगामात नेमक्या त्याच वेळी उसाच्या ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेवर असतात. रेडियमची पट्टी (तिच्यात रेडियम नसतं, बारीक मणी किंवा कंगोरे असतात, तुमचाच प्रकाश तुमच्याकडे परत फेकणारे) काही रुपये फूट. पट्ट्या लावण्याच्या मोहिमा होतात, फोटो निघतात, पण ट्रॉली भरल्यावर उसाचे शेंडे लोंबून नेमकी तीच पट्टी झाकली जाते. हे कुणाच्या लक्षात येऊ नये? पट्टी शेंड्यांच्या खाली, चाकाच्या उंचीवर, दोन्ही अंगांना हवी. मागच्या ट्रॉलीला बॅटरीवरचा एक लाल लुकलुकणारा दिवा अडकवायला हवा. आणि टायर बदलून झाल्यावर रस्त्यावरचे दगड उचलायला हवेत. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला शिव्या घालून मी मोकळा होणार नाही. तो खेपेवर पैसे मिळवतो, रात्र रात्र झोपत नाही, दिवा त्याने स्वतःच्या खिशातून घ्यावा ही अपेक्षाच चूक. ज्याच्या गव्हाणीत तो ऊस जातो, त्याने फाटकावर एक माणूस उभा करावा: मागे दिवा नाही, तर आत प्रवेश नाही. काट्यावर किलोचा हिशोब लागतो, तसा दिव्याचाही लागू शकतो.

"एवढंच वाटतं तर जुनी गाडी रात्री काढूच नका," असं चुलतभाऊ म्हणतो. त्याचं अर्धं बरोबर आहे. या गाडीला एअरबॅग नाही, मागे पट्टे नाहीत, ब्रेक त्या काळाचे. पावसात आणि धुक्यात आता ती रात्री निघत नाही, हे अण्णांनी स्वतः कबूल केलंय. पण पौर्णिमेला वाडीला चालत जाणारी माणसं रात्री रस्त्यावर असणारच, सायकलवाला शेतातून रात्रीच परतणार. त्यांना गाडी बदलायचा सल्ला देता येत नाही. त्यांच्या बाजूने बघितलं तर माझी गाडी कुठल्या सालची आहे याला महत्त्व नाही. मला ते दिसतात की नाही आणि माझ्यामुळे त्यांचे डोळे दिपतात की नाही, एवढंच.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, आणि ती माझ्या इंजिनीअरिंगच्या तोंडात मारणारी आहे. चौथ्या वीकांताला भिंतीवर झोत लावताना मी विचारलं, "अण्णा, कडा स्पष्ट दिसतेय ना?" ते म्हणाले, "दिव्याभोवती कडं दिसतंय रे. चंद्राला खळं पडतं तसं." मी गप्प झालो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते कडं त्यांना दोन वर्षांपासून दिसत होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं की गाडी बंद होईल. त्यांना वाटायचं सगळ्यांनाच तसं दिसतं, आणि आम्हाला वाटायचं चूक फक्त वायरीची. मी होल्डरवरचं व्होल्टेज दोन दशांशांपर्यंत मोजलं, आणि स्टिअरिंगमागच्या माणसाला चार वीकांतांत एकदाही विचारलं नाही.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत रात्रीची गाडी मी चालवणार, तेही चाळीसने. परवा वाडीहून येताना अण्णा शेजारी बसले होते. समोरून एक सायकल आली, मी डिपर दिला, सायकलवाला सरळ निघून गेला. हात तोंडासमोर न धरता. अण्णा म्हणाले, "झालं आता. याचं काय ते लिहून ठेव, पुढच्या पुरानंतर परत करायला लागंल."

म्हणून लिहून ठेवलं. तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर या रविवारी एवढं करा: मल्टिमीटर, पॉलिश पेपर, खडू आणि एक भिंत. गाडी नवी असेल तर फक्त खडू आणि भिंत. आणि घरात साठीच्या पुढचं कुणी रात्री गाडी चालवत असेल, तर चहा पिता पिता सहज विचारा, दिव्याभोवती कडं दिसतं का.